घाटाखालच्या घरात ओआरएस: पाणी निवडण्यापासून चौदाव्या गोळीपर्यंत

लेकराला पातळ संडास लागली की ओआरएस पाजायचं, हे आता बहुतेक आयांना ठाऊक आहे. आशाताई पावसाळ्याच्या तोंडावर पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरी पुड्या देऊन जातात, अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रं लावलेली असतात. पण बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात, त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि त्याचं उत्तर पुडीवर छापलेलं नसतं. पुडी कोणत्या पाण्यात घालायची?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. अमरावतीपासून अकोल्यातून बुलढाण्यापर्यंत पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारं, काही गावांत इतकं खारं की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गंजाच्या तळाला पांढरा थर बसतो. मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे या पाण्याची चर्चा वर्षानुवर्षं होत आली आहे. जुलाब लागलेल्या लेकरासाठीही हे पाणी तितकंच महत्त्वाचं आहे, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. म्हणून ही कृती पाण्यापासून सुरू करते. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणारकडे राहणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याचा भाग चाळून पुढे गेलं तरी चालेल, बाकीची कृती सगळीकडे सारखीच.

घरात आधीपासून काय असावं

ओआरएसच्या दोन पुड्या. झिंकच्या १४ गोळ्यांची पट्टी. मापाची सोय, म्हणजे पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बाटली. झाकण असलेलं स्टीलचं भांडं, एक वाटी, एक लहान चमचा. साबण. आशाताईचा आणि उपकेंद्रातल्या सिस्टरचा नंबर मोबाइलमध्ये. पुड्या आणि गोळ्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, लेकरू आजारी पडायची वाट न पाहता आधीच मागून ठेवा. पुडीवरची मुदत बघा आणि हाताने दाबून बघा. आतली पूड दगडासारखी घट्ट झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर ती वापरू नका.

मेडिकलमधून विकत घेत असाल तर वेष्टन वाचून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी साधारण २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते, साधारण ४ ग्रॅमची छोटी पुडी २०० मिली पाण्यासाठी. फळांच्या चवीची, डब्यात मिळणारी गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली बरीच वर्षं खपली. त्यांत साखर इतकी जास्त असते की जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तरी दुकानदाराकडे मागताना ‘डब्बा नको, पुडी द्या’ असं स्पष्ट सांगा.

पाणी निवडणं

एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ असतं. त्याच्या जोडीला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. ही मापं तोलून ठरवलेली आहेत. ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले की आतड्याची आतली भिंत दोन्ही एकत्र शोषून घेते आणि त्यांच्यासोबत पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही सोय शाबूत राहते, ओआरएसची सगळी करामत त्यात आहे. आता भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर फार तर २०००. म्हणजे दोन ग्रॅम. खारपाणातल्या एखाद्या बोअरचं पाणी त्या हद्दीला टेकलेलं किंवा पार गेलेलं असेल, तर पुडी फोडायच्या आधीच लिटरमागे दोन ग्रॅम क्षार भांड्यात बसलेले आहेत. सगळे क्षार म्हणजे मीठ नसतं हे खरं, पण खारपाणात सोडियमचा वाटा मोठा असतो. अशा पाण्यात पुडी घातली की तोललेलं माप बिघडतं. रक्तात सोडियम वाढलं तर लेकरू चिडचिडं होतं, तहान भागतच नाही, आणि फार वाढलं तर झटके येतात.

तेव्हा पहिलं काम गोड पाणी शोधण्याचं. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या ज्या गावांना १४० गाव योजनेतून वान धरणाचं पाणी येतं, त्यांनी लेकरासाठी नळाचंच पाणी घ्यावं. नळ चार-आठ दिवसांनी येत असेल तर त्यातली एक कळशी बाजूला झाकून ठेवायची आणि तिला घरच्या कुणी हात लावायचा नाही. नळ नसेल तर आरओचा जार. तोही नसेल तर ज्या विहिरीचं पाणी गोड म्हणून गावात ओळखलं जातं ती. गावातल्या बायकांना हे पाठ असतं: कुणाच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, कुणाच्या नाही. लेकरासाठी डाळ शिजणारं पाणी घ्या.

उकळल्याने खारं पाणी गोड होत नाही, ही गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. उकळताना वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, त्यामुळे पाणी उलट थोडं अधिकच खारं होतं. उकळण्याने मरतात ते जंतू. आणि जारच्या पाण्याचं अगदी उलटं आहे: त्यातले क्षार कमी झालेले असतात, पण जार कुठे धुतला, किती दिवस भरून ठेवला, तोटीला कुणाचा हात लागला, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून क्रम असा: आधी पाणी गोड निवडायचं, मग ते उकळायचं. खळखळून उकळी आली की ती एक-दोन मिनिटं राहू द्यायची, झाकण ठेवून निवू द्यायचं. उकळायची सोय नसेल तर आशाताईकडून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालायचं आणि अर्धा तास थांबायचं.

क्षारांसारखंच नायट्रेटचंही आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले, तेव्हा पाण्याचे नमुने तपासले गेले आणि त्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर आढळलं. केसगळतीचा संशय पुढे सेलेनियमकडे वळला, पण पाण्यातलं नायट्रेट तिथेच राहिलं. मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅमची आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेटचं पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात गेलं, विशेषतः वरच्या दुधातून, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि ओठ-नखं निळसर पडतात. नायट्रेटही उकळून जात नाही. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत, अगदी मे महिन्यातल्या उन्हातही, त्याला वरून पाणी लागत नाही.

गावातल्या स्रोतांचं पाणी तपासलेलं असतं. ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल मागा, गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालं आहे तेही विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवलं आहे, त्यांना तुमच्या बोअरचं पाणी दाखवा. ही चौकशी लेकरू खेळत-बागडत असताना करायची. रात्री दोन वाजता लेकराला जुलाब लागल्यावर ती होत नाही.

पुडी मिसळणं

हात साबणाने धुवा. बाटलीने मोजून बरोबर एक लिटर निवलेलं पाणी झाकणाच्या भांड्यात घ्या. अख्खी पुडी त्यात रिकामी करा आणि कण दिसेनासे होईपर्यंत ढवळा. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असा हिशेब करू नका, पुडीतली पूड सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही. वरून साखर, मीठ, लिंबू, दूध काहीही घालू नका. मिसळल्यावर पुन्हा गरम करू नका. चव बघा: आसवांपेक्षा खारट लागलं तर पाणी चुकलंय, ते ओतून द्या. २४ तासांनी उरलेलं फेकून नवीन करा. लिटरभर ओआरएस वाया गेलं तरी हळहळू नका, ती पुडी फुकटच मिळते.

पुडी नसेल तर एक लिटर गोड पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती माप पुडी हाती येईपर्यंत चालतं. सपाट म्हणजे चमच्यावर बोट फिरवून वरचा ढीग काढलेला. खाऱ्या पाण्यात मात्र हे अजिबात करू नका. तिथे घरातलं दुसरं चांगलं काय, तर अंगावरचं दूध, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला गोड पाण्यातली भाताची पातळ पेज.

लेकराकडे बघणं

पाजायला बसण्याआधी लेकराला उजेडात घ्या आणि चार गोष्टी बघा. ते नेहमीसारखं आहे, चिडचिड करतंय, की मलूल पडलंय? डोळे खोल गेलेत का? पाणी दाखवलं तर नेहमीसारखं पितंय, अधाशासारखं ओढतंय, की पिऊच शकत नाही? चौथी गोष्ट चिमटीची. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी उभ्या चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळू गेली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ कातडी वर उभीच राहिली तर घरात थांबू नका. अंगात मांस नसलेल्या, वजन फार कमी असलेल्या मुलात चिमटी फसवते, तिथे डोळे, तहान आणि हुशारी यांवर भर द्या.

तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली तर आपल्याकडे तेल घालून टाळू भरतात. टाळू खोल जाते ती आतलं पाणी आटल्याने. तेल लावायला हरकत नाही, पण त्या वेळात बाळ दवाखान्याच्या वाटेवर असायला हवं.

पाजणं

इथे घराघरांत एक जुनी अडचण उभी राहते. आजी म्हणते, “पानी नोको देऊ वं, आखीन हागवन वाढीन.” आजीचं निरीक्षण खोटं नसतं: पाणी पाजलं की थोड्या वेळाने संडास होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ती संडास पाणी न देताही झालीच असती, फक्त मग लेकराच्या अंगातलं पाणी गेलं असतं. आजीला हे नीट बसून सांगा आणि चमचा तिच्याच हातात द्या. तिच्याइतका धीर घरात दुसऱ्या कुणाकडे नसतो, आणि ओआरएस पाजायला लागतो तो धीरच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते रुग्णांना पाजलं त्यांच्याच नातेवाइकांनी. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला.

दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे १० ते २० चहाचे चमचे. दोन वर्षांपुढच्याला १०० ते २०० मिली. लहानग्याला मांडीवर जरा उभं धरा, दर एक-दोन मिनिटाला एक चमचा द्या. मोठ्या मुलाला वाटीने घोट घोट. दुधाची बाटली आणि बूच वापरू नका, ती उकळूनही धड स्वच्छ होत नाही.

उलटी झाली तर बहुतेक घरांत पाजणं तिथेच थांबतं. थांबायचं आहे ते दहाच मिनिटं. मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असं आणखी हळू सुरू करा. उलटी होते ती बहुधा लेकरू तहानेने गटागटा प्यालं म्हणून.

डोळे खोल, चिडचिड, अधाशी तहान, हळू जाणारी चिमटी, यांतल्या दोन गोष्टी दिसल्या तर माप वाढतं आणि जागाही बदलते. आता उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टरच्या नजरेसमोर, किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. आठ किलोच्या लेकराला ६०० मिली. आकडा ऐकून आईची छाती दडपते, पण हिशेब केला तर दर दोन मिनिटाला एक चमचा, बस्स. वजन अंगणवाडीच्या कार्डावर लिहिलेलं असतं, जाताना कार्ड सोबत न्या. वाटेतही चमचा चालू ठेवा.

खाणं आणि झिंक

अंगावर पाजणं एकदाही चुकवू नका, उलट जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांवरच्या मुलाला मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, ज्वारीच्या कण्या, केळं, घरचं ताजं दही, जे ते एरवी खातं ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. खिचडीत चमचाभर तेल घाला. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवलेलं लेकरू जुलाबातून उठतं तेव्हा आठवड्याचं वजन हरवून बसलेलं असतं, आणि ते भरून येण्याआधीच पुढचा आजार गाठतो. चहा-बिस्किट, कोल्ड्रिंक, ग्लुकोजची पावडर नको.

झिंक पहिल्याच दिवशी सुरू करा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमच्यात थोडं अंगावरचं दूध किंवा स्वच्छ पाणी घ्या, गोळी त्यात टाका, ती आपोआप विरघळते, मग पाजा. हे १४ दिवस. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि तिथेच गोळ्याही थांबतात, हे बहुतेक घरांत घडतं. उरलेल्या गोळ्या आतड्याची भिंत भरून काढतात आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याचा संभव कमी करतात. पट्टीमागे पेनाने १ ते १४ आकडे लिहून ठेवले की चुकत नाही.

जुलाब ‘बांधणाऱ्या’ मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलाला कधीही देऊ नका, त्यांनी आतडं थंडावून पोट फुगतं. साध्या पातळ संडासला अँटिबायोटिक लागत नाही. ‘एक सुई मारून द्या’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. दात येताहेत म्हणून जुलाब होतात, होऊ द्या, ही समजूतही महागात पडते. दात येतात त्या वयात लेकरू रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, आणि जंतू तिथून जातात.

कधी निघायचं

दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर जुलाब दिसताच निघायचं. मोठ्या मुलाच्या संडासमध्ये रक्त, पोटात काहीच न टिकणारी उलटी, पिता न येणं, सुस्ती, झटका, सहा-आठ तास लघवी नाही, जोराचा ताप, यांतलं एकही दिसलं तर १०८ लावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांवरून जळगाव जामोदला यायला नाले ओलांडावे लागतात. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन्ही तालुक्यांत गावांत पाणी शिरलं होतं, रस्ते तुटले होते. अशा ठिकाणी पावसाळ्यात लक्षण ठळक व्हायची वाट पाहू नका. आभाळ भरलेलं असेल आणि लेकरू अधाशासारखं पाणी ओढत असेल, तर नाला उतरता असतानाच निघा. गोड पाणी कुठेच मिळत नसेल तर तेही निघण्याचं कारण धरा.

डॉक्टरांना या गोष्टी सांगा: जुलाब कधीपासून, दिवसात किती वेळा, शेवटची लघवी कधी झाली, ओआरएस किती गेलं आणि ते कोणत्या पाण्यात केलं होतं. शेवटचं ते कुणी विचारत नाही, तुम्ही आपणहून सांगा, कारण जास्तीच्या सोडियमची शंका आली तर उपचार बदलतात.

१४ दिवसांनंतरही पातळ संडास चालूच असेल तर तो वेगळा आजार समजून पुन्हा तपासून घ्या.

बरं वाटल्यावर

दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या आणि अंगणवाडीत वजन करून घ्या. वजन पूर्वीच्या आकड्याला येत नसेल तर अंगणवाडीताईला सांगून पुढच्या तपासणीला न्या. लेकराची शी उकिरड्यावर न टाकता संडासात टाका आणि त्यानंतर हात साबणाने धुवा, राखेने नको. घरात नवं बाळ असेल तर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे मिळणारी रोटाव्हायरसची लस चुकवू नका. महाराष्ट्रात ती २०१९ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे. पहिल्या डोसाला उशीर झाला तर वर्षाच्या आत तो सुरू करता येतो, सिस्टरला कार्ड दाखवून तारीख घ्या. आणि वापरलेल्या पुड्यांच्या जागी दोन नव्या आणून ठेवा.